मकारी

करारावर सह्या झाल्या तेव्हा मी मागच्या रांगेत,
शाली मोजत.
एक कमी पडली. कुलसचिवांची हळूच परत घेऊन
फोटोपुरती नैरोबीच्या पाहुणीच्या खांद्यावर घातली.
फलकावर होतं: मानव्यविद्या, सामाजिक शास्त्रे,
दोन खंड, तीन वर्षं.
रक्कम लिहिली नव्हती.

आमच्या इतिहास विभागात जागा नऊ. भरलेल्या दोन.
उरलेल्या सातांतली पाऊण मी,
तासिका तत्त्वावर, मोडी शिकवते,
दिवाळीचा पगार होळीला.
हे केरूबोला सांगितलं तर ती हसली.
म्हणाली, आमच्याकडे अकरा. भरलेल्या तीन.
मग आम्ही चहा मागवला.
मैत्रीला एवढी आकडेवारी पुरते.

ती टाऊन हॉलमागच्या दफ्तरखान्यात
शिकारखान्याचे रुमाल बघायला आलेली.
हरणांवर सोडायला संस्थानाने चित्ते आणले होते
तिच्या बाजूच्या किनाऱ्यावरून, लाकडी पेटाऱ्यांत.
पेटाऱ्यांबरोबर माणसं आली का,
एवढंच तिला विचारायचं होतं.
हाच प्रश्न घेऊन ती दोनदा लंडनला जाऊन आली होती.
लंडनात चित्त्यांची वजनं मिळाली.

चौगुले शिपायाने रुमाल सोडला.
धूळ आधी त्याच्या मिशीवर बसली.
केरूबोने पिशवीतून एक गुळगुळीत गुलाबी दगड काढला,
गावच्या खाणीतला,
आणि पंख्याखाली फडफडणाऱ्या पानावर ठेवला.
मटण शेर इतके. घोंगड्या नग चार.
मी वाचत गेले, ती लिहीत गेली,
मध्ये इंग्रजी,
दोघींचीही उसनी.

आणि मग ती ओळ,
बारा वर्षांपूर्वी मी वाचलेली,
सूचीत माझ्याच अक्षरात:
चित्तेवानाची मक्कारी, एक रुपया कपात.
मोडीत शब्द सुटे नसतात,
जोडाक्षर कारकुनाच्या लहरीवर.
कागदावर होतं नुसतं
मकारी चित्तेवान रुपया १ वजा.
मी मोठ्याने वाचलं. तिने पेन खाली ठेवलं.
पुन्हा, म्हणाली.
मकारी.
मकोरी, ती म्हणाली. माझ्या धाकट्या मामाचं नाव.

पंखा फिरत राहिला.
एका माणसाला त्याच्या नावावरूनच
मी कामचुकार ठरवलं होतं,
आणि माझ्या सूचीचा हवाला देऊन
दोन जणांनी प्रबंधात तळटीपही दिली होती.
मी त्यांच्या तोंडी परीक्षेला पेढे खाल्लेले.

लगेच नाचायचं नाही, ती म्हणाली,
मला की स्वतःला कोण जाणे.
मात्रा पुसट आहे. वर शाईचा डाग.
तिच्या डोंगरापासून समुद्र लांब,
आणि मक्कारी हा शब्द
आमच्या दफ्तरांत काही दुर्मीळ नाही.
नाव लिहिलं. पुढे प्रश्नचिन्ह काढलं.
आधी तिने, मग मी त्याच्यावरून पेन फिरवलं.
या सहीला शाल नव्हती, फोटोही नाही.
चौगुल्याने तेवढी खिडकी लावून घेतली.

दुसरा हप्ता अजून आलेला नाही.
पत्र गेलंय, त्यावर उत्तर आलंय
की पत्र मिळालं.

जाताना स्टँडवर, पुण्याच्या गाडीच्या पायरीवरून
ती म्हणाली, येतो.
चौगुले म्हणाला, बराबर शिकलासा की,
आमच्या बायका असंच म्हणत्यात.
मी घरी येतो म्हणते, वर्गात येते.
तिच्या भाषेत, तिने सांगितलं होतं,
तो आणि ती यांना शब्द एकच.
गाडी वळली.

दगड राहिला माझ्याकडे.
सूचीचं जुनं कार्ड मी फाडलं नाही,
खोडलंही नाही. खाली नवं जोडलं,
तारीख घातली,
दोन नावं घातली, एक माझं.
शिकारखान्याचे एकशे चौदा रुमाल बाकी आहेत.
सोमवारी सकाळी चौगुले सुट्टीवर, किल्ली मागून घ्यायची.